न दिलेल्या वचनाची चाचणी: प्रार्थना आणि 1802 हृदयरुग्ण

पेपर कसा वाचायचा यावर इथे मी आतापर्यंत बरंच लिहिलंय. आज एक असा पेपर घेते जो मी स्वतः चुकीचा वाचला होता, आणि नुसता वाचून थांबले नाही, तर एका माणसाच्या तोंडावर फेकला होता.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जर्नल क्लबला प्रत्येकाने हवा तो पेपर निवडायचा होता. मी निवडला हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2006 च्या एप्रिलमध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये आलेला. ‘स्टेप’ या नावाने तो ओळखला जातो. विषय असा: बायपास झालेल्या रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी दुरून देवाकडे प्रार्थना केली, तर शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते का? मी अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरात वाढलेली. संडे स्कूल, नाताळचं नाटक, उपासनेनंतरचा चहा, सगळं झालेलं. त्या वयात मात्र घरच्या विश्वासाशी माझं चांगलंच वाजलेलं होतं, आणि हा पेपर म्हणजे आयतं हत्यार. शेवटच्या स्लाइडवर मी एकच आकडा मोठ्या अक्षरात टाकला होता: 59 टक्के. वर्ग हसला. मार्कही बरे पडले.

पुढच्याच वर्षी पप्पांची बायपास झाली. आयसीयूच्या बाहेर आत्या बसली होती, मांडीवर पवित्र शास्त्र, हातात मोबाईल. मंडळीतल्या बायकांची प्रार्थनेची साखळी चालू होती, कोण किती वाजता करणार ते ग्रुपवर ठरत होतं. मी म्हटलं, “आत्या, पप्पांना सांगू नकोस हं की सगळे प्रार्थना करतायत. ज्यांना हे माहीत असतं त्यांचं जास्त बिघडतं. पेपर आहे त्यावर.”

ती चिडली नाही. म्हणाली, “कोण करत होतं प्रार्थना?”

“चर्चची माणसं. दुसऱ्या गावातली.”

“त्यांना या आजारी माणसांची नावं तरी ठाऊक होती का गं?”

“पहिलं नाव. आणि आडनावाचं पहिलं अक्षर.”

“बरं,” म्हणाली, आणि थर्मासमधला चहा माझ्याकडे सरकवला.

तिचा प्रश्न भावनेतून आलाय असं मला तेव्हा वाटलं. पुढे पीएच.डी.ला लागले, संशोधनपद्धतीचा कोर्सवर्क केला, आणि लक्षात आलं की रेफ्री म्हणून विचारायचा पहिला प्रश्न नेमका तोच होता. म्हणून आज हा पेपर पुन्हा उघडते. तुमच्यापैकी जे पेटची किंवा नेट-सेटची तयारी करताय, त्यांनी ‘वैधता’ ही संकल्पना गाईडमधून पाठ केलीच असेल. इथे ती प्रत्यक्ष दिसेल.

आधी पेपरची बाजू, कारण तो फालतू पेपर नाही. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, 1802 रुग्ण, तीन गट, आणि गटवारी रँडम. पहिल्या गटातल्या 604 जणांना सांगितलं गेलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, नक्की नाही. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी झाली. दुसऱ्या गटातल्या 597 जणांनाही तेच सांगितलं, पण त्यांच्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटातल्या 601 जणांना स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, आणि ती झालीही. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट होते, दोन कॅथॉलिक आणि एक प्रोटेस्टंट. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून 14 दिवस. आपापल्या पद्धतीने करा म्हणून सांगितलं होतं, फक्त शस्त्रक्रिया यशस्वी होवो, लवकर आणि नीट बरं वाटो, गुंतागुंत न होवो, अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य त्यात घालायचं होतं. मोजायचं काय, तर 30 दिवसांत कोणतीही गुंतागुंत झाली का. खर्च 24 लाख डॉलर, त्यातला बराचसा टेंपलटन फाउंडेशनचा. विज्ञान आणि धर्म यांच्यातला संवाद वाढावा म्हणून पैसा देणारी ही संस्था. म्हणजे पैसे देणाऱ्यांना उलट उत्तर आवडलं असतं. तरी निकाल आला तसा छापला. हे लेखकांच्या बाजूने मोठं आहे, आणि माझ्या त्या स्लाइडवर याचा उल्लेखही नव्हता.

निकाल: पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्या गटात 51 टक्के, तिसऱ्या गटात 59 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली.

आता थांबा आणि स्वतः विचार करा. प्रार्थनेचा परिणाम कुठल्या दोन आकड्यांच्या तुलनेत आहे? पहिला आणि दुसरा. 52 आणि 51. फरक नाही. मग 59? तो तिसरा गट. त्याची तुलना पहिल्याशी करायची, आणि या दोन्ही गटांसाठी प्रार्थना झालेलीच होती. म्हणजे 59 आणि 52 मधला फरक प्रार्थनेचा असूच शकत नाही, तो आहे ‘माहीत असण्याचा’. प्रार्थनेने अपाय होतो, हे या पेपरमधून निघतच नाही. जर्नल क्लबमध्ये मी नेमकं तेच म्हटलं होतं, आणि समोर बसलेल्या 22 जणांपैकी कुणीही, सरांसकट, मला अडवलं नाही. निष्कर्ष आपल्या आवडीचा असला की हात वर होत नाहीत.

बरं, माहीत असण्याचा परिणाम तरी खरा आहे का? टक्केवारीतला फरक सुमारे साडेसहा. सापेक्ष जोखीम 1.14, तिचा 95 टक्के विश्वास अंतराल 1.02 ते 1.28. म्हणजे खालची मर्यादा 1 ला जेमतेम ओलांडते. पी-व्हॅल्यू मी हिशोब करून पाहिली, 0.025 च्या आसपास येते. कागद-पेन घेऊन तुम्हीही करा, दोन प्रमाणांमधल्या फरकाचं सूत्र तुम्हाला येतंच. गंभीर घटना आणि 30 दिवसांतले मृत्यू तिन्ही गटांत जवळपास सारखेच. वाढलेली गुंतागुंत बरीचशी एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याची. बायपासनंतर हे खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं औषधाने आटोक्यात येतं. हा योगायोग असू शकतो, हे लेखकांनी स्वतःच लिहिलंय. ‘आपल्यासाठी प्रार्थना करायला माणसं बोलावली म्हणजे आपण इतके का आजारी आहोत’ या धास्तीने असं झालं असेल, अशी शक्यता त्यांच्यापैकी एकाने तेव्हा बोलून दाखवली होती. शक्यता म्हणून ठीक, पुरावा नाही.

(पप्पांना तिसऱ्या दिवशी एट्रियल फिब्रिलेशन झालं. दोन दिवसांत ठोके नियमित झाले. म्हणजे ‘स्टेप’च्या हिशोबात ते त्या 59 मध्ये गेले असते. आत्याने त्यांना सगळं सांगितलं होतं, माझा सल्ला झुगारून. एका रुग्णावरून काहीही सिद्ध होत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तेव्हा मी मात्र दोन दिवस मनातल्या मनात “बघ, सांगितलं होतं” म्हणत फिरत होते.)

हा झाला आकड्यांचा भाग. आता आत्याचा प्रश्न.

कुठल्याही प्रयोगात आपण एक गोष्ट मोजतो आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. मोजतो गुंतागुंत, बोलतो ‘देव प्रार्थना ऐकतो का’ याबद्दल. या दोन्हींमधला पूल पक्का आहे का, हे तपासणं म्हणजे वैधता तपासणं. ‘स्टेप’चा पूल असा: प्रार्थना ही औषधासारखी आहे, तिचा डोस असतो, डोस दिला की परिणाम यावा. पण कंट्रोल गटाला डोस मिळालाच नाही, असं म्हणता येतं का? तिन्ही गटांतल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांना खात्री होती की त्यांचे नातेवाईक, मित्र, मंडळीतले लोक त्यांच्यासाठी प्रार्थना करतायत. ती थांबवा असं कुणीच म्हटलं नव्हतं, आणि म्हणणं बरोबरही नव्हतं. म्हणजे तपासलं काय, तर घरच्यांच्या प्रार्थनेवर अनोळखी माणसांची आणखी थोडी प्रार्थना घातली तर फरक पडतो का. पाऊस पडत असलेल्या शेतात आणखी दोन बादल्या पाणी ओतून सिंचनाचा उपयोग मोजण्यासारखं.

हे म्हटल्यावर आस्तिक मंडळी खूश होतात. जरा थांबा, तुमच्याकडेही येते.

‘स्टेप’च्या आधी 1988 मध्ये ‘सदर्न मेडिकल जर्नल’मध्ये रँडॉल्फ बर्ड यांचा पेपर आला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयातल्या हृदयविभागातले 393 रुग्ण. प्रार्थना झालेल्या गटाची स्थिती काही बाबतींत चांगली निघाली. हा पेपर जगभरच्या व्यासपीठांवरून सांगितला गेला. आमच्या मंडळीत आलेल्या एका पाहुण्या वक्त्यांच्या तोंडून मीही ऐकलाय, तपशिलाविना. तपशील असा की लेखकाने पंचविसाहून जास्त बाबी तपासल्या आणि त्यातल्या सहांमध्ये फरक सापडला. त्या सहा एकमेकींशी जोडलेल्याही होत्या: न्यूमोनिया झाला नाही तर अँटिबायोटिकही लागत नाही, ही काही दोन वेगळी साक्ष नव्हे. मृत्यू आणि रुग्णालयातला मुक्काम यांत फरक नाही. आणि पेपरच्या शेवटी आभारात लेखकाने, प्रार्थनांना उत्तर दिल्याबद्दल देवाचे आभार मानलेत. आभार कुणाचे मानावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न, प्रबंधात मीही आत्याचे मानणार आहे. पण इथे गृहीतक आणि ऋणनिर्देश एकच झालेत.

बर्डचा पेपर ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ म्हणून मिरवायचा आणि ‘स्टेप’ आला की ‘देवाची परीक्षा पाहू नये’ म्हणून बाजूला सारायचा, हे चालणार नाही. पहिली उडी मारली असेल तर दुसरीही मारावी लागेल. मी 59 टक्के खाली ठेवते, तुम्ही बर्ड खाली ठेवा.

या सगळ्यावरची सर्वांत मिस्कील टीका 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात आली. लेओनार्ड लायबोविची यांनी इस्राएलमधल्या एका रुग्णालयाचे 1990 ते 1996 मधले, रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या 3393 रुग्णांचे कागद घेतले, सन 2000 मध्ये त्यांचे रँडम दोन गट पाडले आणि एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे बरे होऊन घरी गेलेल्या किंवा वारलेल्या माणसांसाठी, चार ते दहा वर्षांनंतर! निकाल: मृत्यूचं प्रमाण 28.1 विरुद्ध 30.2 टक्के, फरक नगण्य. पण रुग्णालयातला मुक्काम आणि तापाचे दिवस प्रार्थनेच्या गटात कमी, आणि पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली. पद्धतीत बोट ठेवायला जागा नाही. मग मानायचं का की 2000 सालच्या प्रार्थनेने 1993 चा ताप उतरला? तुम्ही ‘नाही’ म्हणणार असाल, तर कारण पद्धतीत शोधू नका. तुमच्या मनात आधीपासून असलेल्या शक्यतेत आहे ते. हा पेपर पूर्ण दोन पानांचाही नाही. सेमिनारला जरूर घ्या.

ही सगळी परंपरा मुळात 1872 पासूनची. फ्रान्सिस गॅल्टन यांनी त्या वर्षी ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात लिहिलं की इंग्लंडच्या चर्चांमधून राजघराण्यासाठी सतत प्रार्थना होते, तर राजे जास्त जगायला हवेत. आणि सुखवस्तू वर्गांत सर्वांत कमी जगणारे तेच निघाले, सरासरी वय 64.04. विमा कंपन्या गिऱ्हाईक प्रार्थना करतं का हे विचारत नाहीत, हाही टोमणा त्यांचाच. गंमत म्हणून वाचायला छान. पण प्रार्थना न झालेले राजे कुठून आणणार? कंट्रोल नाही.

ज्या पुस्तकातल्या अभिवचनांची ही चाचणी चाललीय, त्या पुस्तकात प्रयोगांचं वावडं आहे असं समजू नका. शास्ते या पुस्तकातला गिदोन आठवा. देव आपल्याला पाठवतोय की नाही याची त्याला खात्री नाही. तो खळ्यात लोकर ठेवतो: सकाळी लोकर दवाने भिजलेली आणि आजूबाजूची जमीन कोरडी असेल तर मानेन. तसं होतं. तरी त्याचं समाधान होत नाही, दुसऱ्या रात्री तो उलट मागतो: आता लोकर कोरडी आणि जमीन ओली. संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं की हा त्याचा अविश्वास. माझ्या मते बायबलमधला हा सर्वांत चांगला रेफ्री. लोकर मुळातच पाणी धरून ठेवते, जमीन उन्हाने लवकर सुकते. पहिल्या रात्रीचा निकाल देवाशिवायही लागला असता. दुसऱ्या रात्रीने तो पळवाटीचा रस्ता बंद केला. दानीएलाचा दहा दिवसांचा प्रयोगही घ्या: चौघे डाळभाजी आणि पाण्यावर, बाकीचे राजाच्या ताटातलं खाणारे, दहाव्या दिवशी चेहरे पडताळून पाहायचे. रँडमायझेशन नाही, निरीक्षकाला कोण काय खातंय ते माहीत, तरी तुलनेचा गट आहे! आणि याच पुस्तकात, परमेश्वराची परीक्षा पाहू नका अशी आज्ञाही आहे, जी येशू रानात सैतानाला ऐकवतो. एकाच ग्रंथात दोन्ही. तेव्हा ‘बायबल म्हणतं परीक्षा पाहू नका’ हे उत्तर अर्धंच आहे.

मग वचन नक्की कशाचं आहे? इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि मी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी नाही हे लक्षात ठेवून वाचा.

एक बाजू अशी की मागाल ते मिळेल, या आशयाची वाक्यं शुभवर्तमानांत सरळ आहेत. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर आजारी माणसाबद्दलच लिहिलंय की विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. हे गोल फिरवून टाळता येत नाही, आणि जे पाळक ते टाळतात त्यांच्यावर माझा राग आहे. पण तो उतारा पद्धत म्हणून वाचा. आजारी माणसाने स्वतः बोलावणं धाडायचं. मंडळीच्या वडिलांनी त्याच्याकडे यायचं, तेल लावायचं, प्रार्थना करायची. नाव, गाव, चेहरा, खाटेजवळची जागा, सगळं त्यात आहे. अनोळखी, दूरस्थ, आडनावाच्या एका अक्षरापुरती प्रार्थना त्यात कुठेच नाही. ‘स्टेप’ला ब्लाइंडिंग हवं होतं म्हणून त्यांनी नेमकं तेच काढून टाकलं जे त्या वचनाच्या अटीत होतं. आत्याने हेच विचारलं होतं.

शिवाय तिथलं मूळ ग्रीक क्रियापद दोन अर्थांचं आहे: बरं करणं आणि तारणं. मराठीत ‘वाचणं’सुद्धा थोडं तसंच, माणूस आजारातून वाचतो आणि पापातूनही. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा ज्याला तारण म्हणतो, ते दुसऱ्या अर्थाचं: माणूस देवापासून तुटलेला आहे, ख्रिस्ताने किंमत भरून त्याला सोडवून आणलं, आणि मरणसुद्धा हे नातं तोडणार नाही. हे अभिवचन 30 दिवसांच्या फॉलो-अपमध्ये मावत नाही. ते खरं की खोटं हे ‘स्टेप’सारख्या कुठल्याही प्रयोगाने ठरणार नाही, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, प्रश्नाचा प्रकारच वेगळा आहे. आणि त्याच पुस्तकात, न मिळालेल्या उत्तरांची नोंद प्रामाणिकपणे केलेली आहे. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, काटा गेला नाही. येशूने गेथशेमानेत प्याला टळावा म्हणून मागितलं, टळला नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाच्या माणसांची यादी देतो आणि मग सांगतो की वचन पदरात न पडताच ती मेली. नकारात्मक निकाल इतके उघड छापणारी जर्नल्स आजही थोडीच आहेत.

मात्र इथे एक धोका आहे. कुठलाही निकाल आला तरी न डळमळणारा दावा हा विज्ञानाचा दावा नसतो, हे तुम्ही पॉपरच्या धड्यात शिकलाय. रुग्ण बरा झाला तर प्रार्थनेने, नाही झाला तर देवाची इच्छा वेगळी, असं म्हणणाऱ्याने मग ‘पुरावा’ हा शब्द तरी वापरू नये. भरवसा म्हणावं. भरवसा ही कमी दर्जाची गोष्ट नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

ही दोन्ही दारं एकदम उघडी ठेवू पाहणारा माणूस म्हणजे ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर. 1836 मध्ये त्याने अनाथालय काढलं. कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची. हेतूही त्याने स्वच्छ सांगितला होता: देव आजही वचन पाळतो हे लोकांना डोळ्यांनी दिसावं. म्हणजे त्याच्या लेखी हे अनाथालयही होतं आणि प्रात्यक्षिकही. 1898 मध्ये तो वारला तोवर दहा हजारांवर मुलं सांभाळली गेली, सुमारे 15 लाख पौंड जमले. हिशोब पै-पैचा. त्याची चिकाटी थक्क करणारी आहे. पण प्रयोग म्हणून पाहिलं तर भोक कुठे आहे? तो दरवर्षी अहवाल छापायचा, आज पीठ संपलं होतं आणि संध्याकाळी अमुक रक्कम आली, अशा नोंदींसह. हे वाचणारा श्रद्धाळू माणूस पाकीट काढणारच. ‘मागितलं नाही’ हे खरं, ‘कळवलं नाही’ हे खरं नाही.

म्युलरचं हे चरित्र आपल्याकडे वाचलं ते पंडिता रमाबाईंनी. म्युलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांच्या हकिकती वाचून आपल्याला काय वाटलं ते त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय: जो भरवसा तिथे ठेवता येतो तो हिंदुस्थानात ठेवता येणार नाही का? मला हे वाक्य विश्वासाचं कमी आणि गृहीतक मांडणाऱ्या माणसाचं जास्त वाटतं. एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मिळतो का? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली-बायका आणल्या, केडगावला मुक्ती उभी राहिली. समीक्षक म्हणून मी नोंदवणारच की बोस्टनला त्यांच्यासाठी स्थापन झालेली संस्था दहा वर्षं पैसे पाठवत होती, आणि रमाबाईंचं नाव समुद्रापार पोचलेलं होतं. हा कन्फाउंडर आहे. पण या मुली दारात असताना रमाबाईंनी कंट्रोल गट पाडला नाही, याला मी पद्धतीतली त्रुटी म्हणणार नाही. त्यांना निकाल छापायचा नव्हता, संध्याकाळी स्वयंपाक करायचा होता.

2009 मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने अशा दहा चाचण्या, सात हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले आणि सांगितलं की यापुढे या चाचण्या करू नका, पैसा दुसऱ्या प्रश्नांवर घाला. हा निष्कर्ष मला पटतो, पण माझं कारण त्यांच्याहून थोडं वेगळं आहे. चाचण्या थांबवायच्या त्या उत्तर मिळालं म्हणून नव्हेत. प्रश्नच बरोबर मांडता येत नाही, आणि बरोबर मांडायचा तर ब्लाइंडिंग सोडावं लागतं, मग चाचणी उरत नाही.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा आत्याची प्रार्थनेची वही पाहिली. दोनशे पानी, रेघांची. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवीकडे उत्तराची तारीख. मी सवयीने मोजायला लागले. पहिल्या दहा पानांत 140 विनंत्या, त्यातल्या 61 पुढे तारीख, बाकीच्या कोऱ्या. कुठेही खाडाखोड नाही, कुठे ‘उत्तर: नाही’ असंही नाही. “या कोऱ्या आहेत त्यांचं काय धरायचं?” मी विचारलं. “कोऱ्या धरायच्या,” ती म्हणाली. सेन्सॉर्ड डेटा, दुसरं काय.

तिला मी त्या पेपरबद्दल, म्हणजे 59 टक्क्यांचा अर्थ मी उलटा सांगितला होता याबद्दल, सॉरी म्हटलं. तो पेपर तिला आठवतच नव्हता. पप्पांना तेव्हा चहात साखर बंद केली होती, ते तेवढं आठवत होतं.

तुमच्यासाठी काम: बर्डच्या पेपरमधला निकालांचा तक्ता काढा, बोनफेरोनी दुरुस्ती लावा, आणि सहापैकी किती उरतात ते मला लिहून पाठवा. पुढच्या वेळी लायबोविचींचा पेपर आणि बेझचं सूत्र, हळूहळू, एक-एक पायरी घेऊन.